फळदेसाई संग्रह : पेट्या तेवीस

टेंपो मळ्याच्या पुलावरून आला
तेव्हा कागद अजून पेट्यांत नव्हते,
फेणीच्या खोक्यांत होते.
सुलक्षाताई म्हणाल्या, बाबा पीत नव्हते हो,
खोकी कोपऱ्यावरच्या दुकानातली.
मी पावतीवर सही केली.

पहिलं काम टाचण्या काढायचं.
गंजलेली टाचणी ओढली की मागे एक तांबूस भोक राहतं,
दोन कागद कधी एकत्र होते
याचा एवढाच पुरावा.
मिंगेल त्या बरणीत साठवतो.
विचारलं तर म्हणतो, सरकारी लोखंड आहे, बाई,
उद्या कोणी वजन मागेल.

पेटी तीन. प्रबंध, टंकलिखित, कार्बन प्रत.
खाजनांचे बांध कोण घालतं, का घालतं,
शेजाऱ्याचं शेत बुडालं तर आपलं किती बुडतं.
मानशीच्या दारांचं कोष्टक, भरती-ओहोटीचं कोष्टक
आणि पानापानावर एक शब्द :
बहुधा.
बहुधा गावकरीची वाटणी न्याय्य होती.
बहुधा नव्हती, पाहा तळटीप.
परीक्षकाने लाल शाईत विचारलंय,
तुम्हाला खात्री आहे अशी एखादी तरी गोष्ट?
खाली पेन्सिलीने, बारीक :
खारं पाणी.

पेटी नऊपासून अक्षर मोठं होतं.
सावर्डे, सांगे, वाळपईचा बाजार.
वाक्यं आखूड, शाई जाड.
नक्कीच. निश्चितच. कोणत्याही परिस्थितीत.
दोन दिवस तो शब्द शोधत होते.
एका मसुद्यात सापडला, तोही खोडलेला,
खोडणारा हात दुसरा, सचिवाचा असेल,
समासात शेरा : सभेत हे चालत नाही, सर.

पेटी चौदा उघडली आणि बोटांना लाल धूळ.
खाणींच्या फायली.
सही प्रत्येक पानावर, कुठेही न थरथरलेली.
नकाशात माझं माहेर आहे,
पेन्सिलीच्या रेघेपासून बोटभर.
आमच्या विहिरीचं पाणी ज्या साली तांबडं झालं
ते साल फायलीच्या पाठीवर छापलंय.
मी हात पुसले. सूचीत लिहिलं :
स्थिती धूळयुक्त, वाचनीय.

मग वह्या. शाळेच्या, एकरेघी.
रोज एक ओळ, चाळीस वर्षं :
बांगडे, एक वाटा, इतके. सुंगटं इतकी.
आधी एस्कुदोत, मग रुपयांत,
मधले काही आठवडे दोन्हींत.
शपथविधीच्या दिवशीसुद्धा बांगडे.
बायको गेली त्या दिवशी : बाजारात गेलो नाही.
निवडणूक हरले त्या दिवशी :
विसवण स्वस्त. कोणी भाव करू दिला नाही,
पैसेही घेईनात. दिले.

सुलक्षाताईंचा फोन.
त्या वह्या तेवढ्या परत मिळतील का,
त्यांत काही महत्त्वाचं नसेल ना?
नाही, म्हटलं.
मग म्हटलं, थांबा.

तेविसाव्या पेटीच्या तळाशी
एक सुटा कागद. मायना नाही, सही नाही.
अक्षर पुन्हा प्रबंधातलं, मुंगीएवढं :
बांधाचा हिशेब मी पाण्याच्या बाजूने मांडला.
डोंगराच्या बाजूने मांडायचा राहिला.
हे तेव्हा कळत होतं,
आणि पुढे स्वल्पविरामच.

नियम असा, की तारीख नसेल तर
अदमासाने साल लिहावं
आणि सालाआधी तो शब्द.
शाई इथे वर्ज्य. पेन्सिल घेतली, लिहिलं :
बहुधा
पुढचं साल सुचेना.
हरण्याआधीचं? सहीआधीचं?
की विहिरीच्याही आधीचं, म्हणजे मग
त्याला माफ करता येणार नाही?

मिंगेल दिवे घालवायला आला.
मांडवीवर एक रिकामी बार्ज उभी होती, गेले कित्येक दिवस आहे.
कार्ड तसंच खणात ठेवलं.
तपासनीस विचारतील तेव्हा बघू.